सीटीवर नॉर्मल लिम्फॅटिक ॲनाटॉमी कशी शिकायची? दिसतं काय, दिसत नाही काय?

नवा_रेसिडेंट

नमस्कार मंडळी, रेडिओलॉजीत पहिल्या वर्षाला आहे, सरकारी कॉलेज. सध्या सीटीची पोस्टिंग चालू आहे आणि एक गोष्ट डोक्यात बसत नाहीये म्हणून इथे विचारतोय. लिव्हर, किडनी, अओर्टा, पोर्टल व्हेन हे सगळं बघून बघून ओळखीचं झालं, पण लिम्फॅटिक सिस्टिमचं (लिम्फ हा पाण्यासारखा द्रव, त्याच्या वाहिन्या आणि वाटेतल्या छोट्या गाठी म्हणजे नोड) काय करायचं तेच कळत नाही. पुस्तकात चॅप्टर उघडला की पहिल्या पानापासून लिम्फोमा, टीबी, मेटास्टॅसिस सुरू होतं, पण धडधाकट माणसाच्या सीटीत नोड कुठे कुठे दिसणारच आणि कुठे दिसला तर थांबून बघायचं हे एका जागी कुठेच नीट मिळत नाही. फर्स्ट एमबीबीएसला थोरॅसिक डक्ट (लिम्फची मुख्य वाहिनी) पाठ केली होती, टी१२ मणक्याच्या लेव्हलला छातीत शिरते, टी५ च्या आसपास डावीकडे जाते वगैरे, परवा सिनियरने नॉर्मल चेस्ट सीटीत ती दाखवली तर अझायगस व्हेन आणि अओर्टाच्या मधे एक बारीक ठिपका, आणि पुढच्या दोन स्लाइसनंतर तो गायबच.

मग प्रश्न असे पडले की कॉन्ट्रास्ट दिल्यावर सगळ्या रक्तवाहिन्या उजळतात तर लिम्फच्या वाहिन्या का नाही उजळत? १० मिमीच्या वरचा नोड मोठा, हा नियम सगळीकडे सारखाच लावायचा का? आणि नोड, व्हेन आणि आतड्याचं वेटोळं हे तिन्ही एकाच ग्रे रंगात दिसतात तेव्हा तुम्ही कसं ओळखता? बारीक पेशंटमध्ये तर मला काहीच सुटं दिसत नाही. जे रोज रिपोर्टिंग करतात त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज, घाई नाहीये.

---

रिपोर्टिंगवाला_कोल्हापूर

हा प्रश्न पहिल्या वर्षाला पडला हे फार चांगलं आहे, कारण इथे पाया कच्चा राहिला की पुढे दर दुसऱ्या रिपोर्टात "फ्यू सबसेंटीमेट्रिक नोड्स" (एक सेमीच्या आतले काही नोड) लिहून मोकळं व्हायची सवय लागते आणि ते वाचून पेशंटच्या घरी रात्रभर कुणी झोपत नाही.

आधी कॉन्ट्रास्टचं. आपण आयोडीन शिरेत सोडतो, ते रक्ताबरोबर फिरतं. लिम्फ तयार होते ती टिश्यूतून गोळा झालेल्या पाण्यातून, त्यात जे थोडंफार आयोडीन झिरपतं ते उशिरा आणि इतकं पातळ होऊन येतं की आपल्या रुटीन फेजला (इंजेक्शननंतर ठरलेल्या वेळी घेतलेल्या स्कॅनला) त्याचा काही उपयोग नाही. शिवाय पायातल्या लिम्फच्या वाहिन्या बहुतेक १ मिमीच्या आतल्या, आतली लिम्फ जवळजवळ पाण्याच्याच डेन्सिटीची. सीटीचं रिझोल्यूशन अर्ध्या मिमीच्या आसपास, नव्या फोटॉन काउंटिंग मशीनचं ०.२ मिमीच्या आसपास जातं, पण नुसतं रिझोल्यूशन वाढवून भागत नाही, आजूबाजूपेक्षा काहीतरी वेगळं उजळ किंवा काळं असायला हवं ना. म्हणून साध्या सीटीवर आपल्याला काय मिळतं तर नोड, थोड्या लोकांमध्ये सिस्टर्ना कायली (थोरॅसिक डक्ट जिथून निघते ती थैली), थोरॅसिक डक्टचे तुकडे, आणि स्प्लीन, थायमस, टॉन्सिल हे लिम्फॉइड अवयव. बाकीचं जाळं तिथे आहे हे माहीत असतं, दिसत नाही.

आता नोड. अंगात साधारण ६०० च्या घरात नोड असतात असं पुस्तकं सांगतात, त्यातले सीटीवर थोडेच सुटे दिसतात. नॉर्मल नोड लांबट, शेंगदाण्याच्या आकाराचा, कडा गुळगुळीत, आणि एका बाजूला फॅटी हायलम, म्हणजे रक्तवाहिन्या आत शिरतात ती फॅटने भरलेली खाच. तो हायलम शोधायची सवय लाव. विंडो (दाखवायच्या ग्रे छटांची रेंज) जरा अरुंद कर आणि नोडच्या मधोमध किंवा कडेला फॅटचा काळा ठिपका दिसतो का बघ, आरओआय (डेन्सिटी मोजायचा छोटा गोल) ठेवलास तर मायनसमध्ये एचयू (सीटीवरच्या डेन्सिटीचा आकडा, पाणी शून्य) येईल. काखेत आणि जांघेत तर कित्येकदा नोड म्हणजे फॅटचा मोठा गोळा आणि भोवती पातळ चंद्रकोरीसारखी कडा एवढंच असतं, लांबी २ सेमीच्या वर जाते आणि तरी तो पूर्ण नॉर्मल असतो. मधलं फॅट नेक्रोसिस (मेलेला टिश्यू) म्हणून वाचू नये एवढंच, नेक्रोसिसचे एचयू पाण्याच्या जवळचे असतात, फॅटचे मायनस ५० च्या खाली.

१० मिमीचं म्हणशील तर मोजायचा तो शॉर्ट ॲक्सिस (लांबीला काटकोनात असलेली रुंदी), हे पहिलं. लांबी मोजून कुणालाही घाबरवता येतं. आणि १० हा आकडा सोयीसाठी आहे, सगळीकडे सारखा लागू नाही. रेट्रोक्रूरल जागेत (डायाफ्रामच्या क्रूरा या पायांच्या मागे) ६ मिमीच्या वर गेला की थांबायचं, कारण तिथे नॉर्मल नोड एरवी दिसतच नाहीत म्हटलं तरी चालेल. गॅस्ट्रोहेपॅटिक लिगामेंटला ८, वरच्या पॅराअओर्टिकला ९, खालच्या पॅराअओर्टिकला ११ असे आकडे १९९१ च्या कामातून आले आणि अजून वापरले जातात. छातीत सबकरायनलला (श्वासनलिकेच्या फाट्याखाली) १२ पर्यंत सोडतात. जांघेत १५ पर्यंत बहुतेक जण काही बोलत नाहीत. गळ्यात जबड्याच्या कोनाखालचा जुग्युलोडायगॅस्ट्रिक नोड बाकीच्यांपेक्षा मोठाच असतो, घसा प्रत्येकाचा कधी ना कधी बसलेला असतो. पोर्टल व्हेन आणि आयव्हीसीमधला पोर्टाकेव्हल नोड आडवा चपटा पसरलेला असतो, ॲक्सियलवर रुंदी बघून मोठा वाटतो, त्याची पुढून मागे जाडी मोजायची. २००९ चं रेसिस्ट १.१ आहे त्यात १० च्या खाली नॉर्मल, १० ते १५ मधे पॅथॉलॉजिकल पण टार्गेट नाही आणि १५ पासून पुढे टार्गेट (दर स्कॅनला मोजून तुलना करायचा) असं धरलंय, पण ते कॅन्सरच्या ट्रीटमेंटचा रिस्पॉन्स मोजायला बनवलंय, सर्दीखोकल्याच्या पेशंटच्या छातीवर तेच लावायचं नसतं.

साईजपेक्षा मी आधी जागा बघतो, मग आकार, मग हायलम, मग शेजारच्या बाजूशी तुलना, आणि आकडा शेवटी. ६ मिमीचा गोल गरगरीत, हायलम नसलेला, मधे काळपट आणि कडेने उजळणारा नोड आपल्याकडे टीबीचा असू शकतो, आणि १४ मिमीचा जांघेतला फॅटी नोड काहीच नसू शकतो.

नोड की व्हेन, त्याला एकच उपाय, स्क्रोल. खाली वर जा. व्हेन पुढे चालत राहते आणि कशाला तरी जाऊन मिळते, नोड सुरू होतो आणि संपतो. आतड्याचं वेटोळं दोन्ही टोकांना आतड्यालाच जोडलेलं सापडतं. फसवणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत: डावी गोनॅडल व्हेन, अओर्टाच्या मागून जाणारी लेफ्ट रिनल व्हेन, डबल आयव्हीसी, डायाफ्रामच्या क्रूराचा फुगीर भाग, असेंडिंग अओर्टाच्या मागचा पेरिकार्डियल रिसेस. हा शेवटचा लक्षात ठेव, चंद्रकोरीसारखा अओर्टाला चिकटून असतो, डेन्सिटी पाण्याची, आणि दर वर्षी नव्या बॅचमधलं कुणी ना कुणी त्याला पॅराट्रेकियल नोड म्हणतंच.

बारीक पेशंटबद्दल तू बरोबर पकडलंस. नोड दिसतो तो भोवतीच्या फॅटमुळे. पोटात फॅट नसलेलं दहा वर्षांचं पोर किंवा वाळलेला टीबीचा पेशंट असेल तर धुक्यात धुकं शोधल्यासारखं होतं. तिथे चांगली पोर्टल फेज (शिरा भरल्यावरचा स्कॅन) आणि कोरोनल रिकन्स्ट्रक्शन (समोरून बघितल्यासारखे उभे काप) याशिवाय पर्याय नाही. लहान मुलांत मेसेंटेरिक नोड (आतड्याला धरून ठेवणाऱ्या मेसेंटरी या पडद्यातले) शॉर्ट ॲक्सिसला ८ मिमीपर्यंत नॉर्मल धरायला हरकत नसते हेही माहीत असू दे.

शिकायला एक युक्ती सांगतो. पॅक्सवर (हॉस्पिटलचे स्कॅन साठवायची सिस्टिम) जुने ट्रॉमाचे सीटी काढ. ॲक्सिडेंटपर्यंत ठणठणीत असलेली तरुण मंडळी, डोक्यापासून मांडीपर्यंत कॉन्ट्रास्टसकट स्कॅन झालेली. नॉर्मल नोड शिकायला यापेक्षा चांगलं मटेरियल कुठे मिळणार? फ्रॅक्चर सोड, फक्त नोड मोज, काख, मेडियास्टिनम (दोन फुप्फुसांमधली जागा), मेसेंटरी, जांघ. थोड्याच दिवसांत डोळ्याला कळायला लागतं.

---

स्कॅनरूम_ताई

मी सीटी टेक्नॉलॉजिस्ट आहे, रिपोर्टिंग करत नाही, पण वरच्या सरांनी जे सांगितलं ते दिसण्यासाठी स्कॅन नीट झाला पाहिजे म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे जाड स्लाइसवर शिकू नका. आमच्याकडे प्रिंटला ५ मिमी जातात पण मशीनवर १ मिमीच्या आसपासचा डेटा असतो, तो थिन रिकन (बारीक स्लाइसची सिरीज) पॅक्सला पाठवायला टेक्नॉलॉजिस्टला सांगा, आम्ही नाही म्हणत नाही, फक्त कुणी मागत नाही. थोरॅसिक डक्ट २ ते ५ मिमीची, ती ५ मिमीच्या स्लाइसमध्ये शेजारच्या फॅटबरोबर मिसळून पुसट होणार नाही तर काय होणार.

दुसरं, फेज. नोड आणि व्हेन वेगळे कळायला व्हेन भरलेली हवी. पोटाला साधारण ७० सेकंदांची पोर्टल फेज लागते. पल्मनरी अँजिओचा (फुप्फुसाच्या धमन्यांसाठी लवकर घेतलेला) स्कॅन घेऊन मेडियास्टिनमचे नोड बघायला बसलात तर सुपीरियर व्हिना केव्हातल्या दाट कॉन्ट्रास्टच्या रेघा इतक्या येतात की त्याच्या शेजारचं काही वाचता येत नाही.

तिसरं कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगते, कॅन्युला कुठल्या हाताला लावली ते बघा. डाव्या हातातून इंजेक्शन दिलं की डावी सबक्लेव्हियन पांढरीफटक होते आणि नेमकं डावं सुप्राक्लेव्हिक्युलर आणि काखेचा वरचा भाग रेघांनी भरून जातो, थोरॅसिक डक्टचं टोकही तिथेच. डॉक्टरांना डावी काख बघायची असेल तर फॉर्मवर तसं लिहावं, आम्ही उजव्या हाताला लाइन घेतो. पण हे स्कॅनच्या आधी कळलं पाहिजे.

आणि २०२१ साली लसीकरण जोरात होतं तेव्हा एकाच बाजूच्या काखेतले नोड सुजलेले खूप स्कॅन आले होते, तेव्हापासून आमच्या फॉर्मवर लस कधी आणि कुठल्या हाताला घेतली हे विचारायची पद्धत पडली ती चांगली पडली. ती माहिती नसेल तर नॉर्मल काय हे ठरवताच येत नाही.

---

शरीररचना_मॅडम

ॲनाटॉमी शिकवते. रेडिओलॉजीची मुलं प्रश्न घेऊन डिसेक्शन हॉलला परत येतात तेव्हा फार बरं वाटतं, म्हणून जरा लांब लिहिते.

लिम्फ नोड पाठ करायचे असतील तर धमन्या पाठ करा. पोटात प्रीअओर्टिक गट म्हणजे सीलियाक, सुपीरियर मेसेंटेरिक, इन्फीरियर मेसेंटेरिक यांच्या मुळाशी बसलेले नोड, आणि आतड्याची लिम्फ उलट दिशेने त्याच धमन्यांच्या बाजूने वर येते. किडनी, ॲड्रिनल, गोनॅड यांच्यासाठी अओर्टाच्या दोन्ही बाजूंचे नोड. पेल्व्हिसमध्ये एक्स्टर्नल, इंटर्नल, कॉमन इलियाक. सीटीवर नोडची नावं आठवत नसतील तर शेजारची धमनी कुठली ते बघा, नाव तिथेच मिळतं.

याचं माझं आवडतं उदाहरण टेस्टिसचं. मूल पोटात असताना टेस्टिस किडनीजवळ तयार होतं आणि मग खाली उतरतं, उतरताना आपली धमनी आणि लिम्फच्या वाहिन्या बरोबर घेऊन येतं. म्हणून टेस्टिसची लिम्फ जांघेत जात नाही, थेट वर किडनीच्या लेव्हलच्या पॅराअओर्टिक नोडना जाते, डाव्याची डाव्या रिनल व्हेनच्या खाली, उजव्याची अओर्टा आणि आयव्हीसीच्या मधे. आणि त्यावरच्या कातडीची, स्क्रोटमची लिम्फ मात्र जांघेतल्या नोडना. दोघांत जेमतेम बोटभर अंतर, पण सीटीवर बघायच्या जागा पार वेगळ्या. हे एकदा समजलं की नोडची यादी घोकावी लागत नाही.

आता थोरॅसिक डक्ट पुढच्या स्लाइसला गायब का झाली. डक्ट साधारण ३८ ते ४५ सेमी लांब, सिस्टर्ना कायलीपासून निघून अओर्टिक हायेटसमधून छातीत, मग अझायगस आणि अओर्टाच्या मधून अन्ननलिकेच्या मागे वर, टी५ च्या आसपास डावीकडे, आणि मानेच्या बुडाशी कमान करून डाव्या इंटर्नल जुग्युलर आणि सबक्लेव्हियनच्या कोपऱ्यात. हे पुस्तकातलं चित्र. प्रत्यक्षात हिला व्हॉल्व्ह असतात, भिंतीत स्नायू असतो, ती स्वतः आकुंचन पावून लिम्फ पुढे ढकलते, म्हणजे ज्या क्षणी स्कॅन झाला त्या क्षणी एक तुकडा भरलेला आणि पुढचा रिकामा असणं अगदी साहजिक आहे. शिवाय बऱ्याच देहांत ती एकच सलग नळी नसतेच, मधे दोन फाटे होऊन पुन्हा जुळतात किंवा बारीक जाळं होतं. पाठ्यपुस्तकासारखी सरळ डक्ट डिसेक्शनला मिळाली की मुलं तिचे फोटो काढतात, इतकी ती दर वेळी मिळत नाही.

सिस्टर्ना कायली एल१-एल२ समोर, अओर्टाच्या उजव्या अंगाला, उजव्या क्रसच्या मागे. सगळ्यांत स्पष्ट थैली नसते. असली तर सीटीवर पाण्याच्या डेन्सिटीची, उभट, रुटीन फेजला न उजळणारी दिसते, आणि रेट्रोक्रूरल नोड म्हणून वाचली जायचा धोका हाच. कोरोनलवर बघा, वर डक्टकडे निमुळती होत गेली की उत्तर मिळालं.

जेवणाचाही संबंध आहे. १६२२ मध्ये इटलीत गास्पारे असेली यांनी नुकत्याच खाल्लेल्या कुत्र्याचं पोट उघडलं तेव्हा मेसेंटरीत पांढऱ्या रेषा दिसल्या, त्या लॅक्टियल, म्हणजे आतड्यातलं फॅट वाहून नेणाऱ्या लिम्फच्या वाहिन्या. उपाशी प्राण्यात त्या दिसत नाहीत. त्या वाहिन्या लिव्हरकडे जातात असंच तेव्हा लोक धरून चालले होते, आणि १६५१ ला फ्रान्सच्या जाँ पेके यांनी ती लिम्फ थैलीत जमून डक्टमधून थेट मानेच्या शिरेत जाते हे दाखवलं. आपले पेशंट सीटीला उपाशी येतात हे लक्षात ठेवा, डक्ट बारीक दिसण्यामागे तेही एक कारण असू शकतं.

आणि डक्ट डावीकडे उघडते म्हणूनच पोटातल्या कॅन्सरची पहिली खूण कधीकधी डाव्या सुप्राक्लेव्हिक्युलर नोडमध्ये सापडते, फिरखोव यांनी एकोणिसाव्या शतकात लिहिलेला तोच नोड. उजवा हात, छातीची उजवी बाजू, डोकं आणि मानेची उजवी बाजू एवढंच उजव्या डक्टकडे जातं, बाकी सगळं शरीर डावीकडे. वर ताईंनी डाव्या हाताच्या कॅन्युलाचं लिहिलंय ते म्हणून फार महत्त्वाचं आहे.

---

सातारकर_८१

मी डॉक्टर नाही, चर्चा वाचत होतो म्हणून विचारतो, चालत नसेल तर सांगा. आईचा मुतखड्यासाठी पोटाचा सीटी झाला, खडा लहान आहे, पण रिपोर्टात मेसेंटेरिक लिम्फ नोड ५ मिमी असं लिहिलंय. नेटवर शोधलं तर सगळीकडे कॅन्सरच येतोय. ताप नाही, वजन तेवढंच आहे, जेवण व्यवस्थित आहे. आई विचारते गाठी कसल्या आणि आम्हाला सांगता येत नाही.

---

रिपोर्टिंगवाला_कोल्हापूर

दादा, स्कॅन न बघता इथे कुणी निदान सांगू नये आणि मीही सांगत नाही, पण एक सर्वसाधारण गोष्ट सांगतो ती खरी आहे. हल्लीच्या बारीक स्लाइसच्या सीटीवर निरोगी माणसांच्या मेसेंटरीत ५ मिमीपर्यंतचे नोड सर्रास दिसतात. ते प्रत्येकाच्या पोटात आधीपासून असतात, पूर्वीच्या मशीनवर दिसायचे नाहीत. "लिम्फ नोड" हे शरीरातल्या एका नॉर्मल भागाचं नाव आहे, रोगाचं नाही. आईंना तसंच सांगा.

मुतखड्याचा स्कॅन बहुतेक वेळा कॉन्ट्रास्टशिवाय होतो, तुमचा तसाच असेल तर नोडबद्दल त्यातून फार काही कळतही नाही. ज्या डॉक्टरांनी स्कॅन सांगितला त्यांना रिपोर्ट दाखवून नोडबद्दल थेट विचारा, ताप, वजन, भूक, पूर्वी घरात कुणाला टीबी होता का हेही सांगा. तो निर्णय त्यांचा.

---

सातारकर_८१

धन्यवाद सर. उद्याच जातो डॉक्टरांकडे. आईला वाचून दाखवलं.

---

आयआर_इंग्लंडहून

मूळचा नागपूरचा, सध्या इंग्लंडमध्ये इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी करतो. नोडबद्दल सगळं आलंच आहे, मी वाहिन्यांबद्दल लिहितो, कारण "सीटीवर लिम्फच्या वाहिन्या दिसत नाहीत" हे वाक्य साध्या सीटीपुरतंच खरं आहे. कॉन्ट्रास्ट लिम्फमध्येच सोडला तर त्या फार सुंदर दिसतात.

१९५२ मध्ये लंडनच्या जॉन किनमंथ यांनी पायाच्या बोटांच्या बेचक्यात निळा डाय टोचून पावलाच्या वरची लिम्फची वाहिनी शोधली आणि तिच्यात बारीक नळी घालून कॉन्ट्रास्ट सोडला, हाच लिम्फँजिओग्राम. पुढे त्यासाठी लिपिओडॉल वापरायला लागले, म्हणजे खसखशीच्या तेलातलं आयोडीन. तेल हळूहळू चढत जायचं, पहिल्या दिवशी वाहिन्यांचे एक्सरे आणि दुसऱ्या दिवशी नोडचे. नॉर्मल नोड त्यात बारीक दाणेदार भरायचा आणि मेटास्टॅसिस असेल तर तेवढा भाग रिकामा राहायचा, नोडची साईज नॉर्मल असली तरी. हे लक्षात घे, कारण सीटीला आजही ते जमत नाही, नॉर्मल साईजच्या नोडमधला छोटा डिपॉझिट साध्या सीटीवर कळत नाही.

मग सीटी आल्यावर लिम्फोमाच्या स्टेजिंगमधून लिम्फँजिओग्राम गेलाच. कारणं व्यवहाराची होती. तो करायला तास न् तास लागायचे, हात बसलेला माणूस लागायचा, आणि पायातून घातलेलं तेल जांघ, इलियाक, पॅराअओर्टिक एवढ्याच नोडना भरतं. मेसेंटरी, पोर्टा हेपॅटिस, स्प्लीनचा हायलम इथले नोड त्या रस्त्यावर नाहीतच. सीटीने ते सगळे एका झटक्यात दाखवले. आतली रचना हरवली, पसारा मिळाला, आणि स्टेजिंगसाठी पसारा जास्त उपयोगाचा ठरला.

गेल्या दहापंधरा वर्षांत हे काम परत आलंय, वेगळ्या कारणासाठी. आता पावलावर चिरा देत नाही, अल्ट्रासाउंडखाली जांघेतल्या नोडमध्येच बारीक सुई ठेवून लिपिओडॉल अगदी सावकाश सोडतो आणि नंतर सीटी. अन्ननलिकेच्या ऑपरेशननंतर छातीत कायल (फॅट मिसळलेली दुधाळ लिम्फ) गळायला लागलं, तर गळती कुठल्या मणक्याच्या लेव्हलला आहे, सिस्टर्ना नक्की कुठे आहे, पोटातून सुई कुठून घालायची, हे सगळं त्या सीटीवर ठरतं. मॅडमनी लिहिलेले दोन फाटे, जाळं, हे तिथे पांढऱ्याशुभ्र रेषांत दिसतं आणि दोन पेशंटची डक्ट सारखी नसते. मात्र हे तेल शेवटी मानेच्या शिरेतून फुप्फुसातच जातं, त्यामुळे डोस मर्यादित ठेवावा लागतो आणि हृदयात उजवीकडून डावीकडे शंट (रक्त थेट पलीकडे जाणारी वाट) असेल तर करत नाही.

नोडमध्ये गॅडोलिनियम सोडून एमआरआय करायची पद्धतही आता बरीच रुळली आहे, त्यात वाहती लिम्फ वेळेनुसार दिसते आणि रेडिएशन नाही. पण पेशंट आजारी असेल, श्वास धरता येत नसेल, तर छाती काही सेकंदांत उरकणारा सीटीच हाताशी येतो.

विदर्भातल्या रेसिडेंटांसाठी अजून एक. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा या पट्ट्यात हत्तीरोग आहे, दुधासारखी लघवी होते असं सांगत येणारे पेशंट तुम्ही बघितले असतील. त्यात लिम्फ आणि लघवीच्या मार्गाचा जोड कुठे झालाय हे शोधायला लिम्फँजिओग्राम आणि मागोमाग सीटी उपयोगी पडतो. किडनीच्या हायलमपाशी एरवी कधीच न दिसणाऱ्या वाहिन्या तिथे फुगून ठळक होतात, आणि नॉर्मलला त्या किती बारीक असतात याचा अंदाज तेव्हा येतो.

---

नवा_रेसिडेंट

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. ट्रॉमाचे सीटी काढून बसलोय. ताईंनी सांगितल्याप्रमाणे थिन रिकन मागून घेतले आणि खरंच सांगतो, काखेतला फॅटी हायलम १ मिमीवर इतका स्वच्छ दिसतो की आता ५ मिमीवर बघायला नको वाटतं. पेक्टोरॅलिस मायनरच्या बाहेर, मागे आणि आत अशा काखेच्या तीन लेव्हलही आता बघता येतात. सिस्टर्ना एका तरुण पेशंटमध्ये मिळाली, कोरोनलवर वर निमुळती होत गेलेली, मॅडम तुमचं वाक्य आठवलं.

दोन गोष्टी अडल्या आहेत. एका स्कॅनमध्ये स्प्लीन पट्ट्यापट्ट्यांची दिसली, दुखापत म्हणावी तर भोवती रक्त नाही. आणि स्प्लीनच्या हायलमजवळ एक छोटा गोल ठिपका आहे, दीडएक सेमी, त्याला नोड म्हणायचं का? एका विशीतल्या मुलाच्या मेडियास्टिनममध्ये समोर त्रिकोणी सॉफ्ट टिश्यूही आहे.

---

रिपोर्टिंगवाला_कोल्हापूर

स्प्लीनची फेज बघ आधी. इंजेक्शननंतर अर्ध्या मिनिटाच्या आसपास घेतलेली आर्टेरियल फेज असेल तर पट्टे नॉर्मल आहेत, रेड पल्प आणि व्हाइट पल्पमधून रक्त वेगवेगळ्या वेगाने जातं म्हणून. त्याच पेशंटची ७० सेकंदांची सिरीज उघड, एकसारखी झालेली असेल. तिथेही तसाच डाग राहिला तर मात्र सिनियरला दाखव.

त्रिकोण म्हणजे थायमस (लहानपणी मोठी असणारी लिम्फॉइड ग्रंथी) असणार. विशीत तो राहू शकतो, कडा सरळ किंवा आत वळलेल्या, शेजारच्या व्हेसलना न ढकलणारा, मधे मधे फॅट शिरायला लागलेलं. चाळिशीनंतर बहुतेकांत त्या जागी फॅटच उरतं. कडा बाहेर फुगलेली असेल किंवा व्हेसल सरकली असेल तर तो नॉर्मल म्हणून सोडायचा नाही. केमो झालेल्या तरुणांत तो परत मोठा होतो, त्याला रिबाउंड म्हणतात, ती हिस्टरी विचारूनच रिपोर्ट करायचा.

तो गोल ठिपका बहुधा स्प्लेनंक्युलस, म्हणजे स्प्लीनच्याच टिश्यूचा सुटा छोटा गोळा, बऱ्याच लोकांत असतो. प्रत्येक फेजला स्प्लीनबरोबर आरओआय ठेवून बघ, एचयू स्प्लीनबरोबरच चढत उतरत असतील आणि आर्टेरियल फेजला तसाच ठिपकेदार दिसत असेल तर नोड लिहू नकोस. पॅन्क्रियाजच्या शेपटीत घुसलेला असेल आणि सर्जनला खात्री हवी असेल तर हीट डॅमेज्ड आरबीसी स्कॅन (गरम करून इजा केलेल्या, रेडिओॲक्टिव्ह खूण लावलेल्या लाल पेशी टोचून करतात तो) सांगायचा, स्प्लीनचा टिश्यू असेल तर तो त्या पेशी उचलतोच.